काम मागून न मिळालेल्यांची मोजणी

संसदेतील अतारांकित प्रश्नांची उत्तरे पटलावर ठेवली जातात आणि बहुतेक वेळा तेथेच राहतात. जुलै २०२३ मध्ये लोकसभेत आलेले असेच एक उत्तर मात्र आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून २०२२-२३ या एका वर्षात किती मजुरांची नावे वगळण्यात आली, या प्रश्नावर तत्कालीन ग्रामविकासमंत्री गिरिराज सिंह यांनी दिलेला आकडा पाच कोटी अठरा लाखांच्या वर होता. आदल्या वर्षी तो सुमारे दीड कोटी होता. उत्तरात कारणेही नमूद होती: बनावट जॉब कार्ड, दुबार जॉब कार्ड, कुटुंबाचे कायमचे स्थलांतर, मृत्यू आणि काम करण्याची अनिच्छा.

यातील पहिली चार कारणे कागदपत्रांवरून ताडून पाहता येतात. पाचव्याचे तसे नाही. अनिच्छा ज्याची त्यालाच विचारावी लागते. तीनदा काम मागून ते न मिळाल्याने मागणेच सोडून दिलेला मजूर, गेल्या पावसाळ्याची मजुरी यंदाच्या पावसाळ्यापर्यंत न मिळाल्याने वीटभट्टीवर गेलेला मजूर आणि ज्याला खरोखरच या कामाची गरज उरलेली नाही असा मजूर, हे तिघेही संगणकाच्या रकान्यात ‘अनिच्छुक’ म्हणून एकाच ओळीत बसू शकतात. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ८३ लाख नावे पश्चिम बंगालमध्ये वगळली गेली. त्याच राज्याचा या योजनेचा केंद्रीय निधी मार्च २०२२ पासून रोखलेला होता. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहेच, असे केवळ आकड्यांवरून म्हणता येत नाही. नाही, असेही म्हणता येत नाही.

धोरणाचा परिणाम मोजायचा कसा, हा वाद विद्यापीठांत ‘संख्यात्मक विरुद्ध गुणात्मक’ या नावाने चालतो. एका पक्षाच्या हाती नमुना पाहणी, तुलनागट आणि सांख्यिकी असते. दुसऱ्याच्या हाती मुलाखत, निरीक्षण, ग्रामसभेतील साक्ष. संसदेत त्याला निराळेच रूप येते. सत्ताधारी बाकांवरून आकडे येतात, विरोधी बाकांवरून व्यथा येतात आणि बाकांची अदलाबदल झाली की साधनांचीही होते. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात मनुष्यदिवसांचे कोष्टक सरकार वाचून दाखवत असे आणि अर्धवट खोदलेल्या खड्ड्यांची वर्णने भाजपचे सदस्य करीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत या योजनेला काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हटले. त्यांच्याच सरकारने २०२०-२१ च्या महासाथीच्या वर्षात तिच्यावर एक लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च केला आणि सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचा आकडा अभिमानाने सांगितला.

हा वाद आज पुन्हा उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा नवा कायदा संमत केला. शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी, बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० असा खर्चाचा वाटा, शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा आणि केंद्राने निकषांनुसार ठरवून दिलेले राज्यनिहाय नियतवाटप ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. तो योग्य ठरला की नाही हे उद्या कशावरून ठरवणार, या प्रश्नावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी.

प्रथम आकड्यांच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण त्यांच्याविना या योजनेविषयी केवळ ग्रहच शिल्लक राहिले असते. २००५ चा कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. या टप्प्यांमुळे संशोधकांना योजना आलेले आणि न आलेले जिल्हे एकाच काळात शेजारी ठेवून पाहता आले. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे केलेल्या अशा तुलनेत योजना आलेल्या जिल्ह्यांत खासगी रोजंदारीचे दर पाच टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे दिसले. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाऊस आणि संदीप सुखटणकर यांनी अविभाजित आंध्र प्रदेशात १५७ मंडलांत स्मार्टकार्डाद्वारे मजुरी देण्याचा प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीने अभ्यासला. जेथे योजना नीट चालू लागली, तेथे गरीब कुटुंबांचे उत्पन्न तेरा टक्क्यांच्या आसपास वाढले आणि त्या वाढीचा फार मोठा भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता, तो खुल्या बाजारातील वाढलेल्या कमाईतून आला होता. एखाद्या गावात महिनाभर मुक्काम केलेल्या निरीक्षकाला हे दिसले नसते. आपली मजुरी शेजारच्या गावातील खडी फोडण्याच्या कामामुळे वाढली, हे ज्याची वाढली त्या मजुरालाही ठाऊक नसते.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१३ चा अहवालही याच जातीचा. ३,८४८ ग्रामपंचायतींच्या तपासणीवर आधारलेल्या या अहवालाने दोन गोष्टी निर्विवादपणे पुढे आणल्या. प्रतिकुटुंब रोजगार २००९-१० मधील ५४ दिवसांवरून २०११-१२ मध्ये ४३ दिवसांवर आला होता. आणि देशातील ४६ टक्के ग्रामीण गरीब ज्या बिहार, उत्तर प्रदेश व महाराष्ट्र या तीन राज्यांत होते, त्यांच्या वाट्याला निधीचा केवळ २० टक्के भाग आला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळातून देशातील पहिली रोजगार हमी ज्या महाराष्ट्रात उभी राहिली, त्याचे नाव या यादीत असावे हे मराठी वाचकाला खटकणारे होते. मात्र असे का झाले, याचे उत्तर टक्केवारीत नसते.

येथून आकड्यांची मर्यादा सुरू होते आणि ती संख्येपेक्षा संख्येच्या उगमाशी अधिक निगडित आहे. रोजगार हमीच्या संगणकीय प्रणालीत काम मागणाऱ्यांची आणि काम मिळालेल्यांची संख्या वर्षानुवर्षे जवळजवळ सारखीच दिसत आली. त्यावरून मागेल त्याला काम मिळाले असा निष्कर्ष निघतो. पण मागणीची नोंद कोण करते? ज्या कार्यालयाला काम पुरवायचे आहे आणि पंधरा दिवसांत न पुरवल्यास बेरोजगार भत्ता देण्याची नामुष्की ज्याच्यावर येणार आहे, तेच कार्यालय. काम उपलब्ध असेल तेव्हाच अर्ज नोंदवायचा, दिनांकित पोच द्यायची नाही, हा मार्ग त्याला सर्वांत सोयीचा. याउलट २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रगणकांनी घरी जाऊन थेट कुटुंबालाच विचारले. पूजा दत्ता, रिंकू मुरगई, मार्टिन रॅव्हॅलियन आणि डॉमिनिक व्हॅन डी वॉल यांनी त्या पाहणीचे विश्लेषण केले, तेव्हा देशातील सुमारे ४५ टक्के ग्रामीण कुटुंबांना या योजनेवर काम हवे होते आणि त्यांतील सुमारे ४४ टक्क्यांना ते मिळालेले नव्हते, असे आढळले. अधिक गरीब राज्यांत न भागलेल्या मागणीचे प्रमाण अधिक होते. दोन्ही आकडेच, परंतु एक देणाऱ्याने लिहिलेला आणि दुसरा मागणाऱ्याला विचारून मिळवलेला.

हमी देणाऱ्या कायद्याची खरी कसोटी या दुसऱ्या आकड्यात आहे. काम किती जणांना मिळाले, हे कोणत्याही सार्वजनिक बांधकाम योजनेला विचारता येते. मागूनही किती जणांना मिळाले नाही, हा प्रश्न केवळ हमीलाच लागू होतो. महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. १९८८ मध्ये राज्याच्या रोजगार हमी योजनेतील मजुरीचे दर दुपटीच्या आसपास वाढले. दर वाढल्यावर कामावर येणारे वाढायला हवे होते. प्रत्यक्षात उपस्थिती घटली. रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी या काळाचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष असा, की कामे पुरेशी न काढल्याने वाढीव मागणी भागवली गेली नाही आणि हमीचे रूपांतर शिधावाटपासारख्या मर्यादित वाटपात झाले. कायद्याचे शब्द होते तसेच राहिले. उपस्थितीच्या घटत्या आकड्यावरून मात्र कोणालाही, मजुरांची गरजच कमी झाली, असे सोयीस्करपणे म्हणता आले असते.

गुणात्मक पद्धतीचे स्थान येथे आहे. बिहारविषयी याच चौघांनी केलेला पुढचा अभ्यास या दृष्टीने आदर्श मानावा असा आहे. २००९ आणि २०१० अशा दोन फेऱ्यांत दीडशे गावांतील सुमारे तीन हजार कुटुंबांची पाहणी झाली. लोकांना आपले हक्क ठाऊक नाहीत म्हणून ते काम मागत नाहीत, हे गृहीतक तपासण्यासाठी निवडक गावांत हक्क समजावून सांगणारा चित्रपट दाखवण्यात आला. चित्रपट पाहिलेल्या गावांत लोकांचे ज्ञान वाढले. मिळणारे काम मात्र वाढले नाही. प्रयोगाने ‘काय झाले’ ते नेमके सांगितले. ‘का झाले’ हे सांगण्यासाठी गावांत बसून बोलावे लागले. काम केव्हा निघणार आणि कोणाला मिळणार हे मुखियाच्या मर्जीवर होते, कामे वरून ठरत होती आणि ते निघेपर्यंत वाट पाहणे एवढेच मजुराच्या हाती होते. माहितीचा अभाव हा रोग असल्याचे मानून जाहिरातींवर खर्च केला असता, तर तो वाया गेला असता. आकड्याने चुकीचे औषध ओळखले, संभाषणाने रोगाचे निदान केले.

साक्षीचे सामर्थ्य आपल्या लोकशाहीला त्याआधीच राजस्थानने दाखवले होते. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपटावरील नावे भर सभेत वाचली गेली आणि त्या नावांची माणसे उभी राहून, आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असे सांगू लागली. माहिती अधिकाराची चळवळ त्यातून वाढली आणि रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षण करवून घेण्याची तरतूद आली. महालेखापरीक्षकांशी विचारविनिमय करून २०११ मध्ये त्याचे नियमही झाले. आंध्र प्रदेशाने तर त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी केली.

पण साक्षीलाही मर्यादा आहेत आणि तिच्या समर्थकांनी त्या लपवू नयेत. ग्रामसभेत जो बोलतो तो बहुधा बोलू शकणारा असतो. ज्याचे शेत आणि कर्ज सरपंचाच्या हाती आहे तो गप्प बसतो. एका गावची हकीकत जिल्ह्याची हकीकत ठरत नाही. फर्झाना आफ्रिदी आणि वेगार्ड इव्हरसन यांनी आंध्रातील सामाजिक लेखापरीक्षणाच्या अहवालांतील तक्रारी एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हा एक अवघड गोष्ट पुढे आली. लेखापरीक्षणाच्या फेऱ्या वाढल्या म्हणून गैरव्यवहार एकूणात घटल्याचा पुरावा मिळाला नाही. मजुरीतील चोरीकडून साहित्य खरेदीतील, म्हणजे ग्रामसभेला पकडता येणे कठीण अशा चोरीकडे तो सरकला. ही बाब एकेका सभेच्या इतिवृत्तातून कळली नसती. साक्षी मोजाव्या लागल्या, तेव्हाच ती दिसली.

दोन्ही पद्धती परस्परांना कशा सावरतात याचे उदाहरण रोजगार हमीबाहेरही आहे. स्वच्छ भारत अभियानात शौचालयांचे सरकारी संकेतस्थळावरील प्रमाण शंभराकडे धावत असताना, २०१८ च्या उत्तरार्धातील राष्ट्रीय नमुना पाहणीला ७१.३ टक्के ग्रामीण कुटुंबांनाच शौचालय उपलब्ध असल्याचे आढळले. अनुदानाच्या आशेने लोक शौचालय असूनही नाही म्हणत असावेत, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. तो पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. मात्र त्यानंतरच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही सुमारे २६ टक्के ग्रामीण कुटुंबे शौचालयाविना होती. आणि ज्यांच्याकडे शौचालय आहे ते का वापरत नाहीत, हे डायान कॉफी आणि डीन स्पीयर्स यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील घराघरांत बसून विचारले, तेव्हा लहान खड्डा भरला की तो कोण उपसणार, हा जातीशी जखडलेला प्रश्न समोर आला. विटा-सिमेंटच्या मोजणीत तो कधीच आला नसता.

मोजमापच उद्दिष्ट बनले की काय होते, हेही ग्रामविकास मंत्रालयाने स्वतः नोंदवून ठेवले आहे. मजुरांची हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने घेण्याची पद्धत जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर सक्तीची झाली. हजेरीपटावरील खोटी नावे तिने संपतील अशी अपेक्षा होती. जुलै २०२५ मध्ये मंत्रालयाला राज्यांना परिपत्रक पाठवून गैरप्रकारांची यादी द्यावी लागली: कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र, नोंदीतील आणि प्रत्यक्षातील मजुरांच्या संख्येत तफावत. उपाय म्हणून माणसांनी ती छायाचित्रे डोळ्यांनी तपासावीत, असे सांगण्यात आले. म्हणजे यंत्राच्या मोजणीचा भरवसा पुन्हा पाहणाऱ्या माणसावरच येऊन ठेपला.

पद्धतीची निवड तज्ज्ञांनी करावी असे म्हणणे सोपे आहे. प्रश्न त्यांना ती करू देणारी संस्था कोणती, हा आहे. नियोजन आयोगाच्या अखत्यारीत १९५२ मध्ये स्थापन झालेली कार्यक्रम मूल्यमापन संघटना हा या देशातील जुना वारसा. २००५ मध्ये खर्चाऐवजी फलनिष्पत्ती सांगणारा अर्थसंकल्प आला. २०१४ च्या आरंभी अजय छिब्बर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय सुरू झाले आणि सरकार बदलताच त्याच वर्षी ते गुंडाळले गेले. २०१५ मध्ये या दोहोंच्या जागी नीती आयोगाचे विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय आले. त्यातील अधिकाऱ्यांच्या क्षमतेविषयी शंका नाही. पण ते शासनाच्या घरातच बसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणास्तव प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, तेव्हा नकोशी मोजणी थांबवता येते हेही सिद्ध झाले.

उरते संसद. एप्रिल २०२५ मध्ये सप्तगिरी उलाका यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामविकास व पंचायत राज विषयक स्थायी समितीने रोजगार हमीची स्वतंत्र आणि पारदर्शक पाहणी करावी, अशी शिफारस केली होती. मजुरांचे समाधान, मजुरीतील विलंब, सहभागाचा कल आणि आर्थिक गैरव्यवहार यांवर तिचा भर असावा, असे समितीने सुचवले होते. ‘समाधान’ आणि ‘सहभागाचा कल’ हे दोन शब्द एका वाक्यात येणे, हीच दोन्ही पद्धतींच्या समन्वयाची संसदीय भाषा होय. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच मूळ कायदा रद्द करणारे विधेयक मांडले गेले आणि विरोधकांची मागणी असूनही समितीकडे न जाता तीन दिवसांत दोन्ही सभागृहांत संमत झाले. हा अपवाद नव्हे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले.

नव्या कायद्याच्या बाबतीत ही चूक अजूनही काही अंशी भरून काढता येईल. जुन्या कायद्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी न होता तो सर्वत्र एकदम लागू झाला, तर तुलनेसाठी शेजारचा जिल्हा शिल्लक राहणार नाही. मग आधीच्या वर्षांची विश्वासार्ह नोंद हाच एकमेव आधार. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पुढील फेऱ्यांत प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला दोन साधे प्रश्न कायमचे विचारले जावेत: काम हवे होते का, आणि मागूनही ते मिळाले नाही असे किती दिवस गेले? नियतवाटपाची मर्यादा घातलेल्या हमीत या दोन उत्तरांइतके महत्त्वाचे दुसरे काहीही नाही, कारण वाटप संपल्यावर आलेला मजूर सरकारी प्रणालीत उमटेलच याची शाश्वती नाही. वगळलेल्या नावांपैकी काहींची चिठ्ठ्या टाकून निवड करावी, त्यांच्या घरी जाऊन ‘अनिच्छुक’ या शब्दामागची हकीकत लिहून घ्यावी. नव्या कायद्यातही कायम ठेवलेल्या सामाजिक लेखापरीक्षणाचे अहवाल ग्रामसभेच्या कपाटात न ठेवता दरवर्षी स्थायी समितीपुढे मांडावेत. यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही आणि सरकारच्या बाजूनेही त्यात लाभ आहे: बनावट नावेच वगळली गेली, हा त्याचा दावा खरा असेल तर तोही याच मार्गाने सिद्ध होईल.

जुलै २०२३ च्या त्या उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारता येत नव्हता. लेखी उत्तरांना तो नसतो. पाच कोटींपैकी किती जणांना कोणी विचारले होते, हा तो प्रश्न. नवा कायदा पाच वर्षांचा होईल, तेव्हा तसेच एक कोष्टक पुन्हा पटलावर येईल. त्या वेळी हाच प्रश्न विचारायला सभागृहात कोणीतरी उभे राहावे आणि मंत्र्यांच्या धारिकेत त्याचे उत्तर असावे, एवढी तयारी आजपासून व्हायला हवी.